कर्जरोख्यापासून जिमच्या फॉर्मपर्यंत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

तुमसरसारख्या धानाच्या मुलखात हाती पैसा खेळतो तो कापणी-मळणीनंतर. दिवाळी उलटते, धान बाजारात जाते, थंडी पडू लागते आणि नेमकी तेव्हाच गावातल्या तरुणांना व्यायामाची आठवण होते. समजा, असाच एक तरुण जिममध्ये चौकशीला गेला. महिन्याची फी अमुक. पण वर्षाची एकदम भरली तर जवळजवळ निम्मी, आणि ही सवलत फक्त आजच्या दिवसापुरती. तरुणाने पैसे मोजले आणि पुढे सरकवलेल्या छापील इंग्रजी फॉर्मवर दोन ठिकाणी सह्या केल्या. दोन महिन्यांनी त्याला नागपूरला नोकरी लागली. उरलेल्या दहा महिन्यांचे काही पैसे परत मिळतील का, हे विचारायला तो गेला, तेव्हा तोच फॉर्म त्याच्यासमोर धरण्यात आला. पाठीमागे बारीक अक्षरात छापले होते, की एकदा भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही. 'खाली सही तुमचीच आहे ना?' एवढ्या एका प्रश्नावर बोलणे संपले. घरी आल्यावर वडीलही तेच म्हणाले, 'सही केलीस ना बाबू, मग आता कोणत्या तोंडाने मागतोस?'

ही गोष्ट मी कल्पनेने रचली आहे. पण ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना ती आपलीच वाटेल. कोणाची जिमची फी असेल, कोणाची शिकवणी वर्गाची, कोणाचा घराचा बयाणा. रक्कम लहान असो की मोठी, उत्तर एकच मिळते : तुमची सही आहे. म्हणून आज मला एकाच प्रश्नाचा इतिहास सांगायचा आहे. सही केली म्हणजे सगळे संपले का?

हा प्रश्न आपल्याकडे दीडशे वर्षांहून जुना आहे, आणि त्याची सुरुवात झाली सावकाराच्या ओटीवर.

इंग्रजी अमलाच्या आधीपासून आपल्याकडे 'दामदुपटी'चा नियम चालत आला होता. मुद्दल शंभर असेल, तर एका वेळी वसूल करायचे व्याज शंभराच्या वर जाता कामा नये. ऋणको आणि धनको यांच्यात काहीही ठरलेले असो, ही मर्यादा धर्मशास्त्राने घातलेली होती. करार कितीही राजीखुशीचा असला तरी त्याला कुठेतरी कुंपण हवे, हा विचार त्यामागे होता.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर वारे बदलले. दोन शहाण्या माणसांनी आपापसात जे ठरवले ते पाळले गेले पाहिजे, सरकारने त्यात पडू नये, हे तत्त्व इंग्लंडात जोरात होते. तेच इकडे आले. १८५५ मध्ये व्याजावर मर्यादा घालणारे जुने कायदे रद्द झाले. हिंदूंच्या कर्जापुरता दामदुपटीचा नियम मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी पुढेही मानला, पण व्याजाचा दर आता करारावर सोपवला गेला. १८५९ मध्ये मुदतीचा कायदा झाला. साध्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावला पाहिजे, असे त्याने ठरवले. हेतू चांगला होता; व्याज वर्षानुवर्षे साचू नये. प्रत्यक्षात उलटे घडले. तीन वर्षे भरत आली की सावकार रयतेला बोलावी, थकलेले व्याज मुद्दलात मिळवी आणि त्या नव्या रकमेचा नवा रोखा लिहून घेई. पुढे त्यावर व्याज चाले. रयतेने अंगठा उठवला की न्यायालयाच्या दृष्टीने विषय मिटला. त्यानंतर १ सप्टेंबर १८७२ पासून भारतीय करार कायदा लागू झाला. आज जिमच्या फॉर्मवर आपण सही करतो, ती याच कायद्याच्या छत्राखाली.

त्याला तीन वर्षेही झाली नव्हती. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले होते, कापसाचे चढलेले भाव पुढच्या काळात कोसळले होते, सावकारांनी नवे कर्ज देणे आखडते घेतले होते आणि सरकारी साऱ्याची आकारणी वाढलेली होती. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे येथे बाजाराच्या दिवशी जमलेले शेतकरी सावकारांच्या घरांकडे वळले. त्यांनी मागितले ते कागद. कर्जरोखे आणि वह्या बाहेर काढून जाळण्यात आल्या. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत तीसहून अधिक गावांत पसरले. लूट आणि जाळपोळही काही ठिकाणी झाली. पण जिथे सावकाराने कागद हवाली केले तिथे त्याला बहुधा इजा झाली नाही. लोकांचा राग कशावर होता ते यावरून कळते. ज्या कागदावर काय लिहिले आहे ते आपल्याला वाचता येत नाही, पण ज्याच्या जोरावर आपली जमीन जाते, त्या कागदावर तो राग होता.

सरकारने दंग्याच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. त्यात रोख्यांचे नमुने आहेत आणि ते वाचताना थक्क व्हायला होते. कर्जापोटी आपली गाडी-बैले सावकाराला विकून टाकायची आणि मग तीच गाडी, तेच बैल त्याच्याकडून भाड्याने घ्यायचे, असेही करार होते. बैल शेतकऱ्याच्याच गोठ्यात, वैरण त्याचीच, आणि भाडे सावकाराला. कागदावर यातले सगळे 'राजीखुशी'चे होते.

या आयोगाच्या पाठोपाठ १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. सुरुवातीला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता. करार कायद्यानंतर अवघ्या सात वर्षांनी त्याच सरकारने कबूल केले, की नुसती सही पुरेशी नाही. या कायद्यातल्या तीन गोष्टी आजच्या विषयासाठी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत.

पहिली : शेतकऱ्यावर दावा आला तर न्यायाधीशाने शेवटच्या रोख्यावर थांबायचे नाही. व्यवहार सुरू झाला त्या दिवसापासूनचा सगळा इतिहास तपासायचा, मुद्दल आणि व्याज वेगळे काढायचे, आणि कागदावर काही लिहिलेले असले तरी खरा हिशेब मांडायचा. दुसरी : ऋणकोला दिलेल्या पैशाची पावती, दरवर्षी हिशेबाचा उतारा आणि पासबुक मागण्याचा हक्क मिळाला. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. शेतकऱ्याचा दस्त गावच्या रजिस्ट्रारसमोर लिहिला जावा आणि त्यातला मजकूर त्याला समजावून सांगितल्यावरच त्याने सही-अंगठा करावा, अशी तरतूद झाली. म्हणजे सहीच्या आधी वाचून दाखवण्याची जबाबदारी कायद्यात आली.

कायद्याने सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. गहाणखतात हिशेब तपासला जातो म्हटल्यावर सावकार सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले. जमीन परत करण्याचे बोलणे तोंडी राही. मग १९०७ मध्ये कायदा पुन्हा दुरुस्त करावा लागला आणि कागदावर विक्री लिहिली असली तरी ते खरोखर गहाण होते, हे दाखवायची मुभा शेतकऱ्याला मिळाली. कायदा एक दार बंद करतो आणि कागद लिहिणारा दुसरे शोधतो. ही शर्यत तेव्हापासून चालू आहे.

आता आपल्या भंडारा जिल्ह्याकडे येऊ. तुमसर तेव्हा मध्य प्रांतात होते. मुंबई इलाख्याचा हा कायदा इथे नव्हता. इथे कसोटीची वेळ आली ती १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत. धान्याचे भाव कोसळले आणि तेजीच्या काळात काढलेली कर्जे मंदीच्या भावाने फेडायची पाळी आली. जितक्या पोत्यांत पूर्वी कर्ज फिटले असते, त्याहून कितीतरी अधिक पोती आता लागू लागली. करार तोच, सही तीच; पण त्याखालची जमीन सरकली होती. तेव्हा मध्य प्रांताच्या सरकारने १९३३ मध्ये कर्ज तडजोडीचा कायदा केला. ब्रिटिश हिंदुस्थानात या धर्तीचा हा पहिला कायदा, आणि इतर प्रांतांनी पुढे त्याचे अनुकरण केले. यात धनको आणि ऋणको यांना तडजोड मंडळासमोर बसवून परवडेल अशी रक्कम आणि हप्ते ठरवले जात. धनकोने वाजवी देकार झिडकारला, तर मंडळ ऋणकोला तसा दाखला देई आणि पुढे न्यायालयात त्या धनकोला खर्च आणि चढे व्याज मिळणे अवघड होई. पाठोपाठ १९३४ मध्ये या प्रांताचा सावकारी कायदा आला. त्याने सावकारावर हिशेब ठेवण्याचे आणि ऋणकोला त्याचा उतारा देण्याचे बंधन घातले.

यातला विचार साधा आहे. व्यवहारातून बाहेर पडायला वाट असली पाहिजे आणि ती वाट दोघांनाही परवडली पाहिजे. सावकाराचे मुद्दल बुडू नये, आणि शेतकरीही बुडू नये. आपला जिममधला तरुण याहून वेगळे काय मागत होता?

स्वातंत्र्यानंतर कागदाचे रूप पालटले. रोखा निदान एका माणसासाठी लिहिला जात असे. आता फॉर्म हजारोंच्या संख्येने छापून येऊ लागले. विमा, वाहतूक, बँक, लाँड्रीची पावती, वाहनतळाचे तिकीट. यात घासाघीस नाही; हवे तर घ्या, नाही तर राहू द्या. १९६० च्या दशकात मद्रास उच्च न्यायालयापुढे एक लहानसे प्रकरण आले. धुवायला दिलेली साडी लाँड्रीने हरवली. पावतीच्या मागे छापले होते, की कपडा हरवल्यास बाजारभावाच्या फक्त १५ टक्के भरपाई मिळेल. न्यायालयाने ही अट मानली नाही. ती मानली तर लाँड्रीवाल्याला निष्काळजीपणातच फायदा होईल आणि ते सार्वजनिक हिताविरुद्ध आहे, अशा आशयाचा निर्णय झाला. एका साडीसाठी कोणीतरी उच्च न्यायालयापर्यंत भांडण नेले, म्हणून आज आपल्याला तो आधार मिळतो.

पुढे १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या विचाराला मोठे बळ दिले. ब्रजनाथ गांगुली हे कलकत्त्याच्या एका सरकारी जलवाहतूक कंपनीतले अधिकारी. कायम नोकरीतल्या माणसालाही कारण न सांगता तीन महिन्यांच्या सूचनेवर काढता येईल, असा कंपनीचा नियम होता, आणि नोकरी स्वीकारताना तो त्यांनी मान्य केलेला होता. न्यायमूर्ती दिनशा मदन यांनी निकालपत्र लिहिले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशपद भूषवलेले हे तेच न्यायमूर्ती, ज्यांच्या आयोगाने १९७० च्या भिवंडी दंगलीची चौकशी केली. दोन्ही पक्षांचे बळ समान नसेल, दुबळ्याला छापील फॉर्मवर ठिपक्यांच्या रेघेवर सही करण्यावाचून पर्यायच नसेल, आणि अट सद्सद्विवेकाला धक्का देणारी असेल, तर करार कायद्याच्या २३ व्या कलमाखाली ती अट रद्दबातल ठरते, असे न्यायालयाने सांगितले. त्याच वर्षी २४ डिसेंबरला ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यामागे महाराष्ट्राची कामगिरी मोठी. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले होते, आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली होती.

तरीही न्यायालये प्रत्येक वेळी ग्राहकाच्या बाजूने उभी राहिली, असे मानू नये. १९९६ मध्ये एका कुरिअर कंपनीच्या पावतीवरील भरपाईची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली. पावतीवर सही आहे, तेव्हा अट बांधते, असे तिथे ठरले. म्हणजे सहीला किंमत आहे. ती असलीच पाहिजे. नाही तर कोणी कोणाशी व्यवहारच करणार नाही. प्रश्न एवढाच, की ती सही कोणत्या परिस्थितीत झाली आणि अट किती एकतर्फी आहे.

नेमका हा प्रश्न २०१९ मध्ये मध्यभागी आला. हरियाणातील गुरुग्राम येथील एका सदनिकेच्या करारात खरेदीदाराने हप्ता उशिरा भरला तर १८ टक्के व्याज, आणि बिल्डरने घर उशिरा दिले तर त्याने ९ टक्के द्यायचे, असे लिहिलेले होते. अशी एकतर्फी अट खरेदीदारावर लादता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये सांगितले. त्याच वर्षी संसदेने नवा ग्राहक संरक्षण कायदा केला आणि तो २० जुलै २०२० पासून अमलात येऊ लागला. विधी आयोगाने १९८४ मध्ये आणि पुन्हा २००६ मध्ये अन्याय्य अटींवर अहवाल दिले होते. आता 'अनुचित करार' ही संज्ञा प्रथमच ग्राहक कायद्यात आली. अवाच्या सवा अनामत, झालेल्या नुकसानीच्या मानाने भलताच दंड, मुदतीआधी कर्जफेड नाकारणे, सबळ कारणाशिवाय एकाच पक्षाने करार मोडण्याची मुभा, ग्राहकाला न विचारता करार दुसऱ्याच्या गळ्यात घालणे, आणि ग्राहकाला तोट्यात टाकणारी अवाजवी आकारणी किंवा अट. हे सहा प्रकार त्यात सांगितले आहेत.

जिमच्या बाबतीत इतर देशांतही हीच कुरबुर आहे. इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने २०११ मध्ये अशा दीर्घ मुदतीच्या जिम करारांकडे बारकाईने पाहिले. सभासद होणारा माणूस आपण किती दिवस येऊ याचा अंदाज फार उत्साहाने बांधतो, आणि हा व्यवसाय त्याच उत्साहावर उभा राहतो, हे न्यायालयाने ध्यानात घेतले आणि काही करार अन्याय्य ठरवले. अमेरिकेतील दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. महिन्याला ७० डॉलरहून अधिक भरणारे सभासद सरासरी चारच्या आसपास वेळा जिमला जात. एका खेपेचा खर्च १७ डॉलरच्या वर पडे. दहा खेपांचा पास घेतला असता तर तीच खेप १० डॉलरमध्ये पडली असती. तेव्हा आपल्या तरुणाला कोणी वेडा म्हणू नये. माणसाचा स्वभावच असा आहे, आणि 'आजच्या दिवसापुरती सवलत' ही त्या स्वभावाला लावलेली गळाची आळी आहे.

मग त्याने करावे काय? आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मन बदलले म्हणून सगळे पैसे परत मिळतील, असे कायदा म्हणत नाही. जिमवाल्यानेही जागा, यंत्रे, वीज, शिक्षकाचा पगार यांवर खर्च केलेला असतो. वर्षाची सवलत घेतली असेल, तर वापरलेल्या दोन महिन्यांचा हिशेब त्याने महिन्याच्या दराने मांडला, तरी ते समजण्यासारखे आहे. पण करार कायद्याचे ७४ वे कलम सांगते, की करार मोडल्याबद्दल कागदावर कितीही रक्कम लिहिली असो, मिळायची ती वाजवी भरपाई. आणि लिहिलेली रक्कम ही तिची वरची मर्यादा. दहा महिन्यांची सगळी फी गिळून टाकणे हे वाजवी आहे का, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार सहीने जात नाही. आणि जिमच बंद पडली, जागा बदलून दूर गेली, किंवा सांगितलेली सोय दिलीच नाही, तर मग बाजू आणखी बळकट होते.

म्हणून तोंडी वाद घालत बसू नये. सोडण्याचे कारण, तारीख, वापरलेले महिने आणि मागितलेली रक्कम लिहून अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याला पावतीचा हक्क दिला तो उगाच नव्हे. बँक खात्यातून आपोआप हप्ता कापला जात असेल, तर तो थांबवण्याची सूचना बँकेला लेखी द्यावी. उत्तर आले नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. पुष्कळ वेळा तिथेच समेट होतो. नाही झाला तर भंडाऱ्याला जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोबदल्याची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही, आणि आपण राहतो तिथे तक्रार करता येते. मुदत मात्र दोन वर्षांची. एखादी अट अनुचित म्हणून रद्द ठरवण्याचा अधिकार राज्य आयोगाकडे आहे. त्याचे खंडपीठ नागपुरात बसते. ऑनलाइन सभासदत्व घ्यायला एक बटण आणि सोडायला दहा फेऱ्या, असा प्रकार असेल, तर केंद्र सरकारच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीही फसवी पद्धत ठरते.

पण हे सगळे सहीनंतरचे. सहीच्या आधीचे काय? गंमत अशी, की दीडशे वर्षांपूर्वी गावच्या रजिस्ट्रारवर टाकलेली ती वाचून दाखवण्याची जबाबदारी आता पुन्हा डोके वर काढते आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ मध्ये बँकांना सांगितले, की किरकोळ कर्ज देताना मुख्य अटींचा एक सोपा तक्ता ऋणकोला त्याला समजणाऱ्या भाषेत द्यायचा आणि तो समजल्याची खूण घ्यायची. कर्जाच्या बाबतीत हे झाले. जिम, शिकवणी, वसतिगृह यांच्या फॉर्मना असे बंधन नाही. तुमसरच्या मुलासमोर येणारा कागद अजून त्याच्या भाषेत नसतो.

सुप्याच्या शेतकऱ्यांनी कागद जाळले, कारण ते कोणी त्यांना वाचून दाखवले नव्हते. आज आपल्याला वाचता येते. मग निदान सहीच्या आधी एवढे तरी म्हणता येईल, 'दादा, मध्येच सोडले तर पैशाचे काय, ते मराठीत लिहून द्या.' जो लिहून देईल त्याच्याकडे खुशाल वर्षाची फी भरा. जो टाळाटाळ करील त्याला सांगा, एक महिना पाहतो, मग ठरवतो. आणि ज्याची सही आधीच होऊन गेली आहे, त्याच्या वडिलांना माझे सांगणे आहे, की मुलाला गप्प करू नका. त्याला कागद-पेन द्या आणि अर्ज लिहायला बसवा.